टोकाच्या पलीकडचं पाणी

२ नोव्हेंबर

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच फळीवर टाकशील आणि तू होडीवर गेलास की वहिनी ते उघडून वाचेल, हे धरूनच लिहायला बसले आहे. वहिनी, त्याला जेवताना वाचून दाखव. तोंडात घास असला की त्याला उठून जाता येत नाही.

फोन तू उचलत नाहीस, त्याला सहा वर्षं झाली. "त्या किनाऱ्यावर लग्न करून गेलीस तर इकडची वाट विसर," असं तू म्हणालास, आणि तू पडलास शब्दाचा पक्का. तुझ्या रागाचं कारण मी कधी नाकारलेलं नाही. इथल्या होड्या भूशिराच्या टोकाला वळसा घालून आपल्या खाडीच्या तोंडाशी आल्या, त्यांच्या जाळ्यांनी आपले जाळी बांधायला पाण्यात रोवलेले खांब मोडले, तुझा अख्खा हंगाम गेला. आणि वर्ष उलटायच्या आत तुझ्या बहिणीने इथल्याच एका इंजिनवाल्याशी लग्न ठरवलं. हे त्या होड्यांवर नव्हते, असं तेव्हाही सांगून पाहिलं होतं. पण भिजलेल्या माणसाला कुठल्या ढगाचा पाऊस होता हे समजावण्यात अर्थ नसतो.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. मत्स्य खातं सगळ्या किनाऱ्याला मासेमारीबंदीची एकच मुदत लावणार आहे: मार्च आणि एप्रिल. डिसेंबरात त्यावर इथे बैठक आहे. इथले लोक खूश आहेत, कारण ही मुदत मुळात आमचीच. त्या दिवसांत इथे बांगडा अंड्यांवर असतो, म्हणून खात्याने सांगायच्या आधीपासून हे लोक होड्या वाळूवर ओढून ठेवत आले आहेत. "आपलंच शहाणपण सरकारला पटलं," असं म्हणत एकमेकांच्या पाठी थोपटणं चाललंय.

मी गप्प होते. माहेरचं काही काढलं की जेवणातला खडा होते, हे सहा वर्षांत शिकले आहे. पण परवा ओसरीत फाटकं जाळं सांधताना सासूबाईंनी सुतावरची नजर न उचलता विचारलं, "तुझ्या माहेरी चालेल का गं ही मुदत?"

सासूबाई म्हणजे इथल्या किनारा समितीच्या प्रमुख. सगळे त्यांना धाकटी काकू म्हणतात. सत्तरी उलटली आहे आणि त्यांच्याहून थोरल्या सगळ्या कधीच गेल्या, पण लग्न होऊन आल्या तेव्हा घरातली धाकटी सून होत्या, ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मी म्हटलं, "नाही चालणार. मार्च-एप्रिलातच आमच्या खाडीतली कोळंबी मोठी होऊन समुद्राकडे निघते. तेवढेच आठवडे हाताला लागते. आणि आता, नोव्हेंबरात, तिची पिल्लं खाडीत वाढत असतात. तेव्हा आम्ही बंद ठेवतो. तुमची मुदत लावली तर पीक उभं असताना शेत बंद आणि रोपं असताना उघडं."

त्यांनी गाठ मारली, सूत दातांनी तोडलं आणि म्हणाल्या, "मला दाखव."

दादा, या घरात मला कुणी विचारलं नाही असं नाही, पण 'दाखव' असं पहिल्यांदा कुणी म्हणालं. आम्ही दोघी पुढच्या आठवड्यात येतोय. मी घरात पाऊल टाकणार नाही, काळजी नको. त्यांना तेवढं होडीत बसव. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

तुझी बहीण


१९ नोव्हेंबर

दादा,

तू खरंच माझ्याशी बोलला नाहीस. मी होडीच्या एका टोकाला, तू दुसऱ्या टोकाला, मध्ये सासूबाई. आणि मला काही सांगायचं असलं की तू त्यांना सांगत होतास. "यांना म्हणावं, पाय आत घ्या." वहिनी, मला हसू आवरेना.

पण त्यांना मात्र तू सगळं दाखवलंस. परतीच्या बसमध्ये त्या काय बोलल्या ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

ओळीने उघडे खांब आणि एकावरही जाळं नाही, हे पाहून त्या चक्रावल्या होत्या. आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे ऐन धुमाळी. तेव्हा समुद्र रिकामा ठेवायचा म्हणजे त्यांना लग्नघरात चूल विझवून बसल्यासारखं वाटलं असणार. मग तू परातीत खाडीचं पाणी घेऊन त्यांच्यासमोर धरलंस. त्यात कोळंबीची पिल्लं होती, काचेच्या बारीक चुऱ्यासारखी, हलली की दिसायची नाहीतर नाही. त्यांनी परात दोन्ही हातांनी धरली आणि एक थेंब न सांडता पाण्यात परत ओतली, हे तू पाहिलंस ना? मी पाहिलं.

बसमध्ये खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे पाणी सगळ्यांचं. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचा नंबर आधी तो आधी जाळं टाकेल, उद्या दुसरा. तुमच्याकडे प्रत्येक घराचा खांब ठरलेला, आजोबांपासून. मी आजवर म्हणत आले, खाडीवाले कंजूष, पाण्यालासुद्धा कुंपण घालतात. पण कुंपण नाही ते. आमचा मासा आज इथे, उद्या कोसभर लांब. त्याच्या मागे पळावं लागतं, म्हणून जागा वाटून घेता येत नाहीत. तुमचा मासा दारात येतो. मग दार कुणाचं ते ठरवावंच लागणार."

मी लहानपणापासून त्या खांबांत वाढले, दादा. भरती-ओहोटीबरोबर जाळं कधी फिरवायचं, शेजारच्या घरी आजारपण असलं तर त्यांच्या खांबावर कुणी जायचं, हे सगळं मला श्वासासारखं होतं. श्वासाकडे कोण बघतं? इथे आल्यावर इथली चिठ्ठी मला फार न्यायाची वाटली होती, आणि आपलं सगळं जुनाट. त्या बाईंनी एका दुपारीत मला माझी खाडी परत दिली.

आणखी एक. तू त्यांना ते मोडके खांब दाखवलेस. आवाज न चढवता दाखवलेस, ते बरं केलंस. "परत रोवायला किती लागलं?" असं त्यांनी विचारलं आणि तू "हंगाम गेला," एवढंच म्हणालास. घर आलं तेव्हा बसमधून उतरताना त्या मला म्हणाल्या, "त्या होड्यांत आपली होती. मोठा होता तिच्यावर."

मोठा म्हणजे त्यांचा थोरला मुलगा, माझे मोठे दीर. मला हे माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं की त्यांनी तिथेच, तुझ्या होडीत ओळखलं, हे मी विचारलं नाही.

तुझी बहीण


१४ डिसेंबर

दादा,

बैठकीला खाडीकडून दोघे म्हातारे आले, तू नाही. या वाळूवर पाय ठेवणार नाही असं तू म्हटलं होतंस, म्हणून आश्चर्य वाटलं नाही. त्या दोघांना ऐकू कमी येतं, तेव्हा त्यांनी काय सांगितलं असेल कुणास ठाऊक. माझ्याकडून ऐक.

बैठक लिलावाच्या शेडमध्ये होती. जमीन धुतलेली, तरी खवले चपलांना चिकटत होते. खात्याच्या मॅडम तरुण आहेत, पण पोपटपंची करणाऱ्या नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, "खाडीचं वेळापत्रक वेगळं आहे हे मला माहीत आहे. अडचण दुसरीच आहे. गस्तीची बोट एकच आहे माझ्याकडे. इथे बंदी आणि खाडी उघडी असली, की इथल्या होड्या तिकडे जाणार. खाडी बंद आणि इकडे उघडं, की तिकडच्या इकडे येणार. एकच मुदत असली तर दिसेल ती होडी मला पकडता येते."

खरं सांगू, मला त्यांचं पटलं. तुझा हंगाम गेला तो असाच गेला होता.

इथले सगळे माना डोलवत होते. मुदत आपली, मग बोलायचं कशाला? तेवढ्यात सासूबाई उभ्या राहिल्या. "आमच्यासाठी मार्च-एप्रिल बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "खाडीसाठी चूक आहे. मी जाऊन पाहून आले."

शेडमध्ये कुजबुज झाली. मोठे दीर उठले. भर सभेत आईशी बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. "आपल्याला हवं ते मिळतंय, आई. त्यांची वकिली आपण का करायची?"

"कारण उद्या त्यांची मुदत तुझ्यावर लादली तर तुझी वकिली कोण करणार?"

मग त्या मॅडमकडे वळल्या. "तुमची बोट एक आहे, माझे डोळे दोन आहेत. आमची बंदी असताना आमची एकही होडी टोकाच्या पलीकडे जाणार नाही. जी जाईल, ती पुढचा सगळा हंगाम वाळूवर राहील. पकडायचं काम तुमचं नाही, आमचं. खाडीने त्यांच्या बंदीत तेच करावं."

एक जण मागून म्हणाला, "काकू, पोरंबाळं आहेत आम्हाला." त्या म्हणाल्या, "मलाही आहेत." पण ओरडून नाही, अगदी सहज, कुणी खुशाली विचारल्यासारखं.

वाद पुष्कळ झाला. काही जण चिडून उठून गेले आणि बाहेर ऊन फार म्हणून परत आले. शेवटी हात वर झाले. मॅडमनी एक वर्ष दोन वेगळ्या मुदती ठेवायचं कबूल केलं. "हे मोडलं तर पुढच्या वर्षी मला एकच मुदत लावावी लागेल," असंही सांगितलं. त्यांचंही बरोबर आहे.

मोठ्या दिरांचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. पण गेला.

तुझी बहीण


२२ मार्च

दादा,

परवा तुझ्या दारात कोळंबीच्या पेट्या उतरवून हे न बोलता परत फिरले, त्याचं कोडं पडलं असेल. वहिनीने पाणी विचारलं, तेही न घेता आले म्हणे. शरमेने आले, उर्मटपणाने नाही.

आमची बंदी सुरू होऊन तीनच आठवडे झाले आहेत. होड्या वाळूवर, माणसं रंगकामात. मोठे दीर मात्र "इंजिन तपासून येतो," म्हणून सकाळी होडी घेऊन गेले. दुपारी मी कामाला असते त्या बर्फाच्या कारखान्यात माझ्याकडे आले. हातगाडीवर पेट्या, वर ओलं पोतं. "चुरा दे भरपूर," म्हणाले.

मी पोत्याचा कोपरा उचलला. दादा, आपल्या कोळंबीचा रंग मला कुणी सांगायला नको. खाडीच्या तोंडाशी नुकती बाहेर पडलेली, फिकट हिरवट, मिशा लालसर. इथे कुणाच्याच जाळ्यात ती या दिवसांत येत नाही.

"भाऊजी, हे कुठलं?" मी विचारलं.

"समुद्रातलं."

"मी बर्फ देणार नाही."

वाईट माणूस नाही तो. घरात माझ्या आजारपणात पहिला धावतो तो तोच. नवं इंजिन बसवलंय आणि होडी नुसती उभी पाहवत नाही, असं काहीतरी म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "घरातलं घरात राहू दे."

मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. बर्फ दिला नसता, एवढं नक्की. पण संध्याकाळी जेवायला एकत्र बसताना तोंड उघडलं असतं का? समोर मोठ्या जाऊबाई, त्यांची मुलं. मला ठरवायची वेळच आली नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या. होडी ओढल्याची ओली वाळू त्यांनी पाहिली होती आणि हातगाडीच्या चाकांमागून चालत आल्या होत्या.

त्यांनी एक कोळंबी उचलली, तळहातावर घेतली. "ही टोकाच्या पलीकडची," म्हणाल्या.

दीर म्हणाले, "आई, एकदाच गेलो."

"हो. एकदाच मोडतो नियम. नंतर मोडायला राहतच नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी समिती बोलावली आणि स्वतःच सांगितलं, माझ्या मुलाने मोडलं. लोकांनाच ओशाळल्यासारखं झालं. जो मागून पोराबाळांचं बोलला होता तोच म्हणाला, "काकू, या खेपेला ताकीद द्या. आपलाच आहे." आणखी दोघांनी दुजोरा दिला. त्यांनी मान हलवली.

"आई, मी तुझा मुलगा आहे," दीर म्हणाले. चिडून नाही, आठवण करून द्यावी तसं.

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा असता तर मला सोडता आलं असतं."

होडी पुढचा सगळा हंगाम वाळूवर राहील. मासळी ज्यांच्या पाण्यातली त्यांना परत, म्हणून ह्यांच्याबरोबर तुझ्याकडे. बर्फ मी घातला, भरपूर. आणि हे सगळं मॅडमना कळवायचं कामही सासूबाईंनी मलाच सांगितलं, एक शब्द न गाळता.

घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. मोठ्या जाऊबाई माझ्यावर रागावल्या आहेत, कारण सासूवर रागावायची सोय नाही. सासूबाई रोजच्यासारख्या जाळं सांधतात. मी त्यांच्याकडे बघते, आणि भीती वाटावी इतका मला त्यांचा अभिमान वाटतो.

तुझी बहीण


१७ एप्रिल

वहिनी,

हे पत्र तुला. दादा घरी येऊन काय म्हणाला असेल ते मला माहीत आहे: "गेलो, आलो." तेव्हा सविस्तर मी सांगते. दादा, तूही ऐक, कारण तू गेल्यानंतरचं तुला ठाऊक नाही.

मी कारखान्याच्या दारात बर्फाच्या लाद्या उतरवून घेत होते. वाळूवरून कुणी पायघोळ विजार दुमडून, चपला हातात धरून येताना दिसलं. चाल ओळखीची वाटली, पण तो इथे येईल असं मनाला शिवलंही नाही. सरळ आमच्या ओसरीवर गेला. मी हात पुसत मागून पळाले.

सासूबाईंना म्हणाला, "काकू, पेट्या पोचल्या. आमच्यापुरती भरपाई झाली. तुमच्या मुलाची होडी सोडा. खाडीची तक्रार नाही, मी सगळ्यांना विचारून आलोय."

वहिनी, ज्याचे खांब मोडले तो, ज्याने मोडले त्याच्यासाठी रदबदली करायला आला होता. मोठे दीर आत दाराआड उभे होते.

सासूबाईंनी त्याला बसायला चटई दिली, चहा आणायला सांगितला. मग म्हणाल्या, "हे तुमचं मोठेपण आहे. पण हा नियम तुमचा नाही, आमचा आहे. तुम्ही माफ करू शकता. मला सोडता येत नाही."

दादा चहा प्यायला. बशीत ओतून, फुंकर मारत, आपल्या घरी पितो तसाच. मग म्हणाला, "होडी वाळूवर राहील. माणूस पण वाळूवरच राहणार का?"

"म्हणजे?"

"माझ्याकडे खांब बदलायचे आहेत. दोन जण कमी आहेत. येत असेल तर येऊ दे. पगार देईन, जेवण घरचं."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मोठ्या जाऊबाईंच्या हातातलं पातेलं होतं. सासूबाईंनी दाराकडे न बघता विचारलं, "जातोस का रे?"

दीर बाहेर आले. दादासमोर उभे राहिले. दोघेही एकाच वयाचे, एकसारखे काळवंडलेले, कानाच्या पाळ्या उन्हाने सोललेल्या. "तेव्हा तुमच्या खांबांत मी होतो," दीर म्हणाले.

"ठाऊक आहे," दादा म्हणाला. "होडीचा रंग पाहिला होता मी. चल, कपडे घे."

म्हणजे दादाला सगळं माहीत होतं, वहिनी. ज्या घरात मी आले ते कुणाचं, हेसुद्धा. आणि तरी नोव्हेंबरात त्याने त्या माणसाच्या आईला होडीत बसवलं, पाण्याची परात हातात दिली. मी सहा वर्षं त्याला नुसता हट्टी समजत होते.

निघताना तो माझ्यापाशी थांबला. मला वर-खाली बघितलं. "इथलं पाणी मानवलं तुला," एवढंच म्हणाला आणि चपला हातात घेऊन चालू लागला. मी कारखान्यात गेले. बाकीच्या बायकांना सांगितलं, डोळ्यात बर्फाचा कण गेला. त्या जुन्याजाणत्या आहेत. कुणी काही विचारलं नाही.

ते दोघे टोकाकडे वळेपर्यंत मोठ्या जाऊबाई वाळूवर उभ्या होत्या. सासूबाई ओसरीतून उठल्याही नाहीत. जाळं सांधत राहिल्या, पण संध्याकाळी मी पाहिलं तर सगळ्या गाठी सैल. रात्रीपूर्वी त्यांनी त्या उसवून पुन्हा मारल्या.

तुझी नणंद


३ मे

दादा,

परवा आमचा समुद्र उघडला. सकाळी सगळ्या होड्या पाण्यात गेल्या, चिठ्ठ्यांच्या क्रमाने. एक तेवढी वाळूवर राहिली. पोरं तिच्यावर चढून खेळत होती, सासूबाईंनी हाकललं नाही.

मॅडम आल्या होत्या. पुढच्या वर्षीही दोन वेगळ्या मुदती राहतील, असं त्यांनी वर कळवलं आहे. पलीकडच्या आणखी एका गावाचे लोक विचारायला आले होते, त्यांच्याकडे खडकातले शिंपले आहेत आणि त्यांचे महिने आणखी तिसरेच. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "मला काय विचारता? मला दाखवा." पुढच्या महिन्यात जाणार आहेत.

दीर तुमच्याकडे रुळलेत, असं वहिनीच्या निरोपावरून कळलं. भरती कळायला लागली पण ओहोटीला अजून चुकतात, हे ऐकून इथे सगळे हसले. मोठ्या जाऊबाईसुद्धा. माझ्याशी बोलायला लागल्या आहेत. काल मला वाढताना दोनदा आग्रह केला.

आता मुख्य गोष्ट. आज दुपारी मी लिहायला बसले हे पाहून सासूबाई जवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या दादाला लिही, मोठ्याचा उजवा खांदा लहानपणी निखळला होता. आम्ही बसवला, पण गार पाण्यात आखडतो. तो सांगणार नाही, मरेल पण सांगणार नाही. जड खांब त्याला डाव्या अंगाने उचलायला लावा. आणि सकाळी अंग शेकायला गरम पाणी मिळालं तर बरं."

मी लिहीत होते. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"मी सांगितलं असं लिहू नकोस," म्हणाल्या.

तेव्हा दादा, हे माझ्याच मनाने लिहिते आहे असं समज.

तुझी बहीण